पन्नास फेऱ्यांचं कार्ड

"वाजू दे की रे ते यंत्र, मला कुठं घाई आहे?"

रागना हे एकदाच म्हणाली. ऑक्टोबर संपत आला होता, मंगळवारची सकाळ होती आणि स्टाइनसुंदच्या धक्क्याला जहाज लागून चार मिनिटं झाली होती. तिथं आम्ही दहाच मिनिटं थांबायचो. जहाजाच्या दारात कमरेइतक्या खांबावर एक यंत्र बसवलेलं आहे. त्याला कार्ड टेकवलं की ते एकदा वाजतं, हिरवा दिवा लागतो आणि कार्डातली एक फेरी कमी होते. रागनानं लोकरीच्या हातमोज्यातून कार्ड काढून पुढं केलं. मी यंत्रावर पंजा ठेवला आणि म्हणालो, राहू दे, आत जा, कॉफी गरम आहे. तिनं कार्ड पुन्हा पुढं केलं आणि ते वाक्य म्हणाली. मी पंजा काढला नाही. तेव्हा तिनं आभार मानले, बूट आपटून बर्फ झटकलं आणि ती आत गेली.

आमच्या किनाऱ्यावर कुणी काही देऊ केलं तर दोनदा नको म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा नको म्हटलं तर देणाऱ्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं होतं. रागना रीत पाळणारी होती. त्यानंतर दर खेपेला ती कार्ड हातात धरून चढायची आणि दर खेपेला मी पंजा ठेवायचो. पुढंपुढं तो आमचा नमस्कारच होऊन बसला.

ती का चढते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून आधी तेच सांगतो.

स्टाइनसुंदला बासष्ट माणसं राहतात. रस्ता नाही. एक छोटी बोट आहे, ती वारा पडला तरच निघते, आणि जानेवारीत वारा पाच-पाच दिवस पडत नाही. आमचं जहाज खरं तर सहलीचं. दक्षिणेकडच्या शहरातून आठवड्यात दोनदा निघतं, परदेशी लोकांना खाडीच्या टोकापर्यंत नेऊन बर्फाचे कडे दाखवतं आणि परत आणतं. सरकारनं परवाना देताना अट घातली होती, की वाटेतल्या तीन छोट्या धक्क्यांना थांबायचं, टपाल आणि औषधं उतरवायची, गावची माणसं न्यायची-आणायची. त्या सप्टेंबरात कंपनीचं पत्र आलं. ऑक्टोबर ते मार्च या काळात ज्या धक्क्यावरून चाळीस माणसंही चढणार नाहीत, तो धक्का पुढच्या हिवाळ्यापासून बंद. पत्र सभ्य होतं. खाली सहीच्या वर शुभेच्छाही होत्या.

गावानं ते पत्र धक्क्यावरच्या खोलीत हवामानाच्या काट्याशेजारी टांगलं, आणि त्याच्याखाली स्वतःच्या हातानं एक यादी लावली. एकोणीस घरं. कुठल्या मंगळवारी कोण, कुठल्या शुक्रवारी कोण. जहाज सकाळी दहाला सुंदातून, म्हणजे गावापुढच्या चिंचोळ्या पाण्यातून, वर जातं आणि दुपारी चारला त्याच वाटेनं परत येतं, त्यामुळं कुणाला कुठं जायची गरज नव्हती. सकाळी चढायचं, सहा तास बसायचं, आपल्याच धक्क्यावर उतरायचं. सगळ्यांनी मिळून पन्नास फेऱ्यांचं एक कार्ड घेतलं. ते खोलीतल्या खिळ्याला लटकत असायचं. ज्याची पाळी त्यानं घ्यायचं, आल्यावर परत लावायचं.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर घरांनी पाळ्या केल्या. मग एकाचा गुडघा धरला, एकाच्या मेंढ्या वेळेआधीच व्यायला आल्या, एकाला खाडीच्या तोंडाशी उलट्या व्हायच्या आणि त्यानं सांगून टाकलं की गाव वाचलं तरी मी वाचणार नाही. एक कुटुंब शहरातच राहायला गेलं. नाताळापर्यंत यादीवरच्या सगळ्या खाडाखोडींवर एकच नाव उरलं होतं.

रागनाला त्यात काही विशेष वाटलं नसावं. तिचा भाऊ एलर्ट धक्क्यावर जहाजाचा दोर घ्यायचा. अडुसष्ट वर्षांचा. त्याचं हृदय अधू झालेलं, सहा-सात आठवड्यांनी त्याला शहरातल्या इस्पितळात जावं लागायचं, ते आमच्याच जहाजानं. जहाज बंद झालं तर त्याला शहरातल्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत जाऊन राहावं लागणार होतं. आणि रागनाच्या मुलीनं दूर दक्षिणेला आपल्या घरात आईसाठी एक खोली रिकामी करून ठेवली होती. रागनानं ती पाहिली होती. खोली चांगली आहे, ती सांगायची, पलंग नवा आहे, खिडकीही मोठी आहे, आणि खिडकीतून शेजाऱ्याची गाडी दिसते. ती आयुष्यभर ज्या घरात राहिली त्याच्या खिडकीतून पाणी दिसतं. पाण्यात काही चाललेलं नसतं, पण ते दिसतं.

सहा वर्षांची असताना ती धक्क्यावर कॉड माशांच्या जिभा कापायची. आमच्याकडे ते काम मुलांचंच. वीस-बावीसची झाल्यावर माशांच्या कारखान्यात लागली आणि एकतीस वर्षं फिरत्या पट्ट्यापाशी उभी राहून काटे काढत राहिली. कारखाना बंद झाला त्या दिवशीही तिनं पट्टा पुसून मगच एप्रन काढला. नवरा मॅग्नार समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर कामाला गेला. दोन आठवडे तिकडे, चार आठवडे घरी, असं ठरलं होतं. मग चार तिकडे, दोन घरी. मग पत्र. रागना म्हणायची, "आमच्या बायकांचे नवरे पाण्यानं नेले. माझा तेलानं नेला. एवढंच काय ते नवीन."

तिचा हात रिकामा मी पाहिला नाही. आमच्या जहाजावरही ती विणत बसायची, दालनात डावीकडच्या खिडकीपाशी, तीन नंबरच्या टेबलावर. बरोबर थर्मास, तपकिरी चीज लावलेल्या पावाचे चार काप कागदात गुंडाळलेले. माझं टेबल दालनाच्या तोंडाशीच. बंदरावर मी दारात असायचो, एरवी तिथं बसून प्रवाशांच्या चौकशांना उत्तरं द्यायचो आणि कॉफी ओतायचो. त्यामुळं तो हिवाळाभर ती माझ्या नजरेसमोर होती.

त्या दालनात शंभर-सव्वाशे माणसं असायची आणि माझ्याशिवाय तिची भाषा बोलणारं एकही नाही. बहुतेक सगळे जर्मन. एखादं टेबल डच, एखादं जोडपं फ्रेंच. खलाशी फिलिपाइन्सचे, आचारी पोलंडचा. वरून हे तिचंच पाणी, तिचेच डोंगर. प्रत्येक कड्याला तिच्या आजोबांनी ठेवलेलं नाव तिला ठाऊक होतं, आणि भोंग्यातून मार्गदर्शक युर्गन त्याच कड्यांची काहीतरी माहिती जर्मनमध्ये सांगायचा आणि सगळं दालन एकदम उजवीकडे नाहीतर डावीकडे उठून जायचं. ती जागची हलायची नाही. तिच्या डोक्यावरून लोक फोटो काढायचे. काही जण तिचाही काढायचे. पहिल्यांदा तिनं विणकाम खाली ठेवून केस सारखे केले. नंतर मान वर करणंही सोडलं.

सुरुवातीला घोषणा तीन भाषांत व्हायच्या, आपली शेवटी. डिसेंबरात आपली बंद झाली. भाषा प्रवाशांच्या यादीवरून ठरतात, दर सोमवारी. यादीत ज्या भाषेचं कुणी नाही ती भाषा भोंग्यात येत नाही. रागना यादीत नव्हती, कारण यादी यंत्र करतं. पण हे मी तेव्हा जोडून पाहिलं नाही. मला वाटलं, खर्च वाचवतात.

एकदा सुंदातून जाताना युर्गन बराच वेळ बोलला आणि लोक स्टाइनसुंदच्या घरांकडे बोट दाखवून हसले. रागनानं मला हाक मारली. आमच्याकडे सगळे एकमेकांना अरेतुरेच करतात, कप्तानालासुद्धा.

"ट्रीग्वे, काय म्हणाला रे तो आमच्याबद्दल?"

मी सांगितलं, की इथले लोक फार कमी बोलतात असं म्हणाला.

"त्याला कसं कळलं? तो कधी गप्प बसलाय?"

मी हसलो. तीही हसली असेल. तिच्या हसण्याला चेहरा लागायचा नाही.

आता माझं सांगतो. स्टाइनसुंदहून चढणाऱ्या कुणाचंच कार्ड मी यंत्राला लागू देत नसे. हे मी काढलेलं नाही. मी या जहाजावर सतरा वर्षं होतो, आणि माझ्या आधी दारात जो उभा असायचा तोही किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्या माणसांना असाच आत सोडायचा. तेव्हा तिकिटाला भोक पाडायचा चिमटा होता. तो चिमटा तो खिशातच ठेवायचा. परक्यांनी तिकीट काढावं, घरच्यांनी चढावं, अशी आमची समजूत. आणि रागनाबद्दल तर मला खात्रीच होती, की ती एकटी आहे, घरी बोलायला कुणी नाही, म्हणून माणसांत येऊन बसते. मग माणसं कुठल्याही भाषेची का असेनात. अशा बाईची फेरी कशाला कापायची?

ती निष्काळजी नव्हती. यंत्र वाजत नाही हे तिला दिसत होतं. म्हणून दारातून आत जाताना ती दर वेळी मला विचारायची, "मला लिहिलंस ना?"

आणि मी दर वेळी सांगायचो, "लिहिलं."

खोटं नव्हतं ते. जहाजावर किती माणसं आहेत हे वर कप्तानाला कळायला लागतं, आग लागली, जहाज कललं, तर. यादीत नसलेल्या माणसासाठी मी एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं 'अधिक एक' असं लिहून वर पाठवायचो. दहा मिनिटांनी भोंग्यातून एकूण आकडा जर्मनमध्ये यायचा. रागना तो कान देऊन ऐकायची. त्यातली ती एक होतीच. चिठ्ठी संध्याकाळी केराच्या टोपलीत जायची.

तिनं स्वतःचाही एक हिशेब ठेवला होता, पण तो मला विणकाम वाटला. एक मफलर होता. एका खेपेला एक पट्टा, एकदा निळा, एकदा राखाडी. दुसऱ्या कुणाची पाळी झाली असली तर त्याचाही पट्टा ती पुढच्या खेपेला विणून टाकायची. फेब्रुवारीत तो मफलर टेबलावरून तिच्या मांडीवर, मांडीवरून जमिनीवर यायला लागला.

मार्चमध्ये एक जर्मन बाई तिच्यासमोर बसू लागली, इर्मट्राउट नावाची, सत्तरीची, विधवा. तिनं सलग दोन आठवड्यांच्या सहली घेतल्या होत्या, म्हणून ती रागनाला चारदा भेटली. तीही विणायची. पहिल्या दिवशी दोघींनी एकमेकींच्या सुया पाहिल्या. दुसऱ्या दिवशी इर्मट्राउटनं रागनाच्या हातातून मफलर घेतला, लांबी पाहिली, स्वतःच्या गळ्याभोवती चार वेढे घेऊन दाखवले आणि दोन बोटांची कात्री करून म्हणाली, की आता पुरे, संपव. रागनानं मान हलवली. इर्मट्राउटनं पुन्हा कात्री दाखवली. पुढच्या खेपांनाही हेच चाललं. मला ते भांडण पाहायला आवडायचं. रागना मला म्हणाली, "तिला सांग, माझा गळा लांब आहे." मी सांगितलं. इर्मट्राउट इतकी हसली की तिच्या सुईवरचे टाके सुटले, आणि ते रागनानं उचलून दिले.

मार्चचा शेवटचा शुक्रवार त्या हिवाळ्यातली शेवटची फेरी होती. उजेड परत आला होता. धक्क्यावर एलर्ट दोर हातात घेऊन उभा होता आणि रागना चढत असताना खालून म्हणाला, की आज आल्यावर केक आहे. मी यंत्रावर पंजा ठेवला.

आदल्या दिवशी राजधानीहून कंपनीचा एक माणूस जहाजावर आला होता. हाल्वोर नाव, चाळिशीचा, चष्मा, पायात शहरातले बूट. तो धक्क्यांचा अहवाल करायला आला होता, हे मला माहीत होतं. कुठले धक्के ते माहीत नव्हतं. अकराच्या सुमाराला तो मांडीवरचा संगणक घेऊन दालनात आला. खिडकीजवळच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. तीन नंबरवर एक रिकामी होती. त्यानं मोडक्या जर्मनमध्ये विचारलं, बसू का? रागना आपल्या भाषेत म्हणाली, बस की.

त्याचा चेहरा असा उजळला की मला लांबून दिसलं. कालपासून तो त्या गर्दीत होता आणि त्याला निम्मं कळत नव्हतं. रागनानं त्याला थर्मासातली कॉफी दिली, पावाचा एक काप दिला. मग दोघं बोलायला लागली. सबंध हिवाळ्यात त्या दालनात ती दोन वाक्यांपुढं बोलताना मी ऐकली नव्हती. ती जिभा कापण्याबद्दल बोलली, मॅग्नारबद्दल बोलली, एलर्टच्या हृदयाबद्दल बोलली, डाव्या बाजूच्या एका कड्याला 'आळशी सून' का म्हणतात ते तिनं सांगितलं आणि हाल्वोर मोठ्यानं हसला. त्यानं संगणक मिटून बाजूला ठेवला होता. इर्मट्राउट समोर बसून दोघांच्या तोंडांकडे पाहत होती. त्या टेबलावर भाषा न कळणारी आता ती एकटीच होती. मी तिघांनाही वॅफल नेऊन दिले. मला बरं वाटत होतं. वाटलं, शेवटच्या फेरीला का होईना, हिला कुणी भेटलं.

दीडच्या सुमाराला हाल्वोरनं विचारलं, तू चढलीस कुठून? ती म्हणाली, स्टाइनसुंद.

"अरे वा," तो म्हणाला, "स्टाइनसुंद तर माझ्याच यादीत आहे. तिथून कुणी चढत नाही. म्हणजे आज तू चढलीस, पण एरवी."

"एरवीही चढते."

"कधीमधी?"

"दर मंगळवारी. दर शुक्रवारी."

त्यानं संगणक उघडला. बोटानं वरखाली केलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"सबंध हिवाळ्यात नऊ," तो म्हणाला.

"नऊ नाही. अठ्ठेचाळीस."

तिनं सुईवरचा मफलर टेबलावर पसरला. तो टेबलभर झाला, पलीकडून खाली गेला. आजचा पट्टा विणायचा चालला होता.

"हे मोज," ती म्हणाली. "अकरा इतरांचे आहेत, बाकीचे माझे. वादळानं तुम्हीच चारदा थांबला नाहीत, ते मी धरलेले नाहीत."

तो माणूस वाईट नव्हता. तो खरोखरच बोट ठेवून मोजायला लागला. बारा-तेरापर्यंत गेला आणि थांबला. "रागना, हे मी लिहू कुठं?" तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "चढताना यंत्र वाजतं ना?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी माझ्या टेबलामागून बाहेर आलो. सांगायला फार नव्हतं. पंजा, चिठ्ठी, टोपली. हाल्वोरनं विचारलं, अठ्ठेचाळीस वेळा? मी म्हणालो, एकोणचाळीस. मधे पाठीच्या दुखण्यानं महिनाभर रजेवर होतो, तेव्हा माझ्या जागी एक नवी मुलगी होती. ती सगळ्यांची कार्डं यंत्राला लावायची. ते नऊ.

"पण का?" त्यानं विचारलं. ओरडला नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

मी म्हणालो, "म्हातारी बाई. एकटी असते. माणसांत येऊन बसते. वाटलं, तिची फेरी कशाला कापायची."

शंभर माणसांच्या त्या दालनात हे तिघांनाच कळलं. त्यातली एक ती होती.

"ट्रीग्वे," रागना म्हणाली, "मी एकटी आहे असं तुला कुणी सांगितलं?"

मी तिच्या टेबलावरचे रिकामे कप गोळा करू लागलो.

"मी इथं कामावर येत होते," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. एकतीस वर्षं पट्ट्यापाशी उभं राहिलेल्या बाईनं 'काम' हा शब्द कसा उच्चारावा तसा तिनं उच्चारला. मग तिनं विणकाम ओढून घेतलं आणि राहिलेला अर्धा पट्टा विणायला लागली.

मी हाल्वोरला म्हणालो, मी लिहून देतो, सही करून देतो. तो म्हणाला, "तू लिहून दिलंस तर ती तुझ्यावरची तक्रार होईल. आकडा होणार नाही. आकडा यंत्राचा लागतो." मी म्हणालो, तरी लिही. त्यानं लिहिलं. मला वाचून दाखवलं. त्यात सगळं खरं होतं: नोंद न करता प्रवासी घेतल्याचे एकोणचाळीस प्रसंग. रागनाचं नाव घालायला त्यात जागा नव्हती.

इर्मट्राउटला एवढंच दिसत होतं, की मफलरवरून काहीतरी चाललंय आणि तो पुरुष लांबी मोजून थकला. तिनं पिशवीतून छोटी कात्री काढली आणि हसत रागनासमोर ठेवली. मी तिला जर्मनमध्ये सांगणार होतो. कुठून सुरुवात करायची ते सुचलं नाही. रागनानं शेवटची ओळ घातली, टाके बंद केले, कात्री उचलून धागा कापला आणि कात्री परत दिली. इर्मट्राउटनं टाळ्या वाजवल्या. आजूबाजूच्या टेबलांवरच्यांनीही वाजवल्या. त्यांना वाटलं असेल, की वाढदिवस आहे.

या हिवाळ्यापासून जहाज स्टाइनसुंदला लागत नाही. सुंदातून जाताना वेग तेवढा कमी करतं, फोटो नीट यावेत म्हणून. मला जमिनीवरचं काम दिलं आहे. जहाजाचं हे सगळं मी युर्गनकडून ऐकलं.

त्या शुक्रवारी चारला दहा मिनिटं कमी असताना भोंगा वाजला, युर्गन बोलू लागला, दालन उठून डावीकडच्या खिडक्यांशी गेलं आणि रागनाच्या घराचे फोटो निघू लागले. ती त्या गर्दीतून वाट काढत दारापाशी आली. मफलर घडी घालून काखेत धरला होता. हाल्वोर तिच्या मागं होता, तिचा थर्मास घेऊन. तो त्यानं तिला दिला आणि काहीतरी म्हणाला. तिनं मान हलवली.

मी शिडी लावली. उतरताना कार्ड लागत नाही. तरी मी हात पुढं केला आणि तिनं कार्ड माझ्या हातावर ठेवलं, का ते मला माहीत नाही. मी ते यंत्राला लावलं. यंत्र वाजलं, हिरवा दिवा लागला, चाळीस उरल्या असं दिसलं. मी पुन्हा लावलं. एकोणचाळीस. पुन्हा लावलं. अडतीस. उतरायला थांबलेली दोन माणसं माझ्याकडे पाहू लागली.

"ट्रीग्वे," हाल्वोर हळू म्हणाला, "त्यात तारीख पडते. एका दिवसाची एकच धरतात."

मी चौथ्यांदा लावणार होतो. रागनानं माझ्या हातातून कार्ड काढून घेतलं, लहान मुलाच्या हातातली सुरी काढून घ्यावी तसं, न ओढता. ते हातमोज्यात सरकवलं आणि कठड्याला धरून शिडी उतरायला लागली.

खाली एलर्टनं दोर खुंटाला घातला होता आणि वर पाहत होता. धक्क्यावर आज आणखी पाच-सहा जण आले होते. एका बाईच्या हातात कापडानं झाकलेली परात होती.

"किती झाल्या गं एकूण?" एलर्टनं ओरडून विचारलं.

ती शेवटची पायरी उतरली, त्याच्याजवळून, परातीजवळून पुढं गेली, आणि बर्फातल्या पायवाटेनं घराकडे चालू लागली.